विमलताईला बोलायचं होतं

मंडळाच्या स्मरणिकेसाठी दोनशे शब्द द्या, मजकूर आदरयुक्त असावा, असा निरोप पटवर्धनांनी पाठवला. पटवर्धन हे आमच्या मराठी मंडळाचे कार्यवाह, आणि आदर हा त्यांचा खास प्रांत. मी बसलो, लिहिलं, पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन. "कानिटकर, यात आदर कुठाय?" मी म्हटलं, "शोधा, सापडेल." त्यांनी काही शोधला नाही. स्वतःच 'बडोद्याच्या रंगभूमीची तेजस्वी तारका निखळली' असं काहीतरी लिहून पान भरलं. विमल चांदोरकरनं ते वाचलं असतं तर 'तारका'वर खूश झाली असती आणि 'बडोद्याच्या'वर भडकली असती. बडोद्याचीच फक्त? मग ते नागपूर, ते इंदूर, तो टीव्ही, ते काय झक मारायला केलं होतं?

तर आता मी मला हवं तेवढं लिहिणार. ती गेल्याला वर्ष होत आलं. आदर ज्याचा त्यानं शोधावा.

वाडी या बडोद्याच्या जुन्या वस्तीत आमची पोळ, म्हणजे गल्ली, एकच. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणून ताई. आणि लहानपणी तिनं माझं नाक पुसलेलं, म्हणून 'तू'. तिचा नवरा रेल्वेत होता. फार चांगला माणूस, असं सगळे म्हणतात. असेलही. त्याचा आवाज ऐकल्याचं कुणाला आठवत नाही, कारण विमलताई बोलायला लागली की दुसऱ्या आवाजाला त्या घरात जागाच उरत नसे. ती घरातसुद्धा शेवटच्या रांगेसाठी बोलायची. "शेवटच्या रांगेतल्या माणसानंही तिकीट काढलेलं असतं, माध्या!" हे तिचं वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. पण बटाटे संपल्याची बातमी ऐकायला पोळेतल्या कुणी तिकीट काढलेलं नव्हतं. "बटाटे संपले!" असं ती स्वयंपाकघरात उद्गारली की तीन घरांपलीकडून कुणीतरी वाटीत चार बटाटे घेऊन यायचं. तिला त्यात काही चमत्कारिक वाटायचं नाही. चाहते आहेत, आणणारच, असा एकूण भाव.

मांडवीच्या बाजारात ती भाजी घ्यायला गेली की मी दोन पावलं मागे राहत असे, ओळख दिसू नये म्हणून. एकदा भेंडीचा भाव ऐकून तिनं एक हात कपाळाला लावला, एक पाऊल मागे घेतलं आणि म्हणाली, "एवढा... अन्याय?" 'एवढा' आणि 'अन्याय' यांच्यामध्ये तिनं इतकी जागा सोडली की तेवढ्यात दोन सायकली निघून गेल्या. भाजीवाली हात जोडून म्हणाली, "बेन, धीमे बोलो ने, मारा भींडा करमाई जशे." भेंडी कोमेजून जाईल म्हणे तिची. विमलताईनं वळून मला विचारलं, "दाद देत होती ना?" मी म्हटलं, "हो हो, अगदी मनापासून."

मी तिच्या आयुष्यात असण्याचं कारण आता सांगतो, मग बाजूला होतो. मी रिफायनरीत नोकरीला, आणि हौस नाटकाची. पण आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या दिग्दर्शकानं पहिल्याच तालमीत निकाल दिला, "कानिटकर, तुझा आवाज विंगेपर्यंतच जातो. तू तिथंच बस." बसलो. चाळीस वर्षं बसलो. हातात वही, तोंडात कुजबुज. प्रॉम्प्टर या प्राण्याला नाटकात जेवणाच्या डब्याइतकाही मान नसतो. डब्याची निदान वाट तरी बघतात.

आणि या चाळीस वर्षांत विमल चांदोरकरनं प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक सत्कारात, हळदीकुंकवात आणि रेल्वेच्या डब्यात एकच सांगितलं, "मला प्रॉम्प्टर लागत नाही." छातीवर हात ठेवून सांगायची. मी बऱ्याचदा शेजारीच उभा असायचो, तिची शाल धरून.

खरा प्रकार असा होता. तिचं पाठांतर चांगलंच होतं, ते नाकारत नाही. पण तिसऱ्या अंकात कुठंतरी, ऐन भरात, तिचं वाक्य हमखास निसटायचं. निसटलं की ती घाबरायची नाही. शांतपणे डाव्या विंगेजवळ यायची आणि खिडकी उघडायची. बाहेर बघत एक उसासा टाकायची. तेवढ्या उसाशात मी वाक्य सांगायचो, ती खिडकी लावून माघारी जायची आणि ते वाक्य असं फेकायची की शेवटची रांग हलायची. त्यामुळे आमच्या संस्थेच्या प्रत्येक नाटकात डाव्या हाताला खिडकी असे. कोर्टाच्या नाटकात साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून खिडकी होती. तुरुंगाच्या नाटकात अंधारकोठडीला खिडकी होती, आणि तिला फुलाफुलांचा पडदा होता. दिग्दर्शकानं तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, "कैद्याला आशा नको?" एका स्पर्धेच्या परीक्षकांनी तर लिहून दिलं, खिडकीचा वापर अत्यंत अर्थपूर्ण. बक्षीस मिळालं. बक्षिसाचा फोटो काढताना मला कडेला सरकायला सांगितलं, कारण पितळी समई दिसत नव्हती.

माझी बायको सुनंदा विचारायची, "तुम्हाला काही वाटत नाही का हो?" वाटायचं ना! चांगलं सणकून वाटायचं. प्रत्येक वेळी ठरवायचो, आज खिडकीशी आली की चूप बसायचं. येऊ दे घामाघूम. आणि प्रत्येक वेळी तिचे ते दोन डोळे विंगेत वळले की माझं तोंड आपोआप उघडायचं. सवय म्हणा, नाहीतर गाढवपणा म्हणा. पण एक सांगतो. तिनं ते वाक्य घेतल्यावर त्याचं जे व्हायचं, ते मी हयातभर ओठ फाटेस्तोवर म्हटलं असतं तरी माझ्याच्यानं झालं नसतं. हे मी तिला कधी बोललो नाही. बोललो असतो तर पुढच्या मुलाखतीत सांगितलं असतं तिनं.

नवरा वारला, मुलानं शहराच्या टोकाला, हरणीला, फ्लॅट घेतला, आणि ती वाडी सोडून तिकडे गेली. पोळ एकदम शांत झाली. लोकांना झोप लागेना. त्याच सुमारास तिला टीव्हीवरच्या गुजराती मालिकेत काम मिळालं, 'बा'चं, म्हणजे घरातल्या थोरल्या सासूचं. मुंबईच्या वेशीवर कुठंतरी चित्रीकरण. सात साड्या घेऊन गेली. स्टेशनवर पोचवायला अख्खी पोळ. डब्याच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "बडोद्याचं नाव राखीन." गाडी सुटायला अजून वीस मिनिटं होती, त्यामुळे हे तिला चारदा म्हणावं लागलं.

पहिल्याच दिवशी तिला मोठा धक्का बसला. तिथं कॅमेऱ्याशेजारी उभा राहून एक माणूस प्रत्येकाची वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि नट ती तशीच म्हणायचे. "सगळ्यांनाच प्रॉम्प्टिंग, माध्या! उघड्यावर! लाज नाही, शरम नाही!" फोनवर ती कडाडत होती. मी म्हटलं, "तिथं खिडकी नसेल." ती म्हणाली, "खिडकीचा काय संबंध?" तिला खरंच वाटत नव्हतं की काही संबंध आहे.

दुसरा धक्का त्यांना बसला. हिनं पहिलं वाक्य शेवटच्या रांगेसाठी फेकलं, आणि आवाजाच्या माणसानं कानावरचं यंत्र भिरकावून दिलं. हळू बोला, हळू बोला, म्हणून आठवडाभर विनवण्या झाल्या. आठव्या दिवशी दिग्दर्शकानं उपाय काढला. 'बा'ला अर्धांगवायू झाला.

अकरा महिने ती पलंगावर पडून होती. वाक्य एक नाही, नुसते डोळे. सुना भांडायच्या, दागिने चोरायच्या, आणि ही छताकडे बघून एक अश्रू काढायची. वाक्यं द्या, वाक्यं द्या, म्हणून ही रोज दिग्दर्शकाच्या मागे. शेवटी तो कंटाळला आणि त्यानं 'बा'ला मारून टाकलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेला फोटो लागला. आणि गंमत अशी की मालिका त्यानंतरच चालली. थोरली सून रोज त्या फोटोपुढे उभी राहून रडायची, धाकटी शपथा घ्यायची, आणि कॅमेरा सारखा फोटोवर जायचा. तीन वर्षं विमल चांदोरकर भिंतीवर लटकून होती. उभ्या गुजरातेत तिचा चेहरा पोचला तो असा.

मांडवीला लोक पाया पडायला लागले. "अरे, आ तो फोटावाळां बा!" म्हणून पोरीबाळी घोळका करायच्या. एक म्हातारी तर तिला पाहून दोन पावलं मागेच सरकली आणि छातीला हात लावून म्हणाली, "बा, तमे तो गुजरी गयां हतां ने?" बा, तुम्ही तर वारला होतात ना, म्हणे! मी फिसकन हसलो. विमलताई हसली नाही. तिनं त्या बाईला आशीर्वाद दिला, चार पावलं पुढं आली आणि मला म्हणाली, "साठ नाटकं केली मी. आणि लोकांना आवडले ते गप्प बसल्यावर." त्या दिवशी तिनं भाजी घेतली नाही. भावही विचारला नाही. मला माझ्या हसण्याची लाज वाटली, हे लिहूनच ठेवतो.

त्यानंतर हळूहळू सगळं बडोदं पुटपुटायला लागलं. म्हणजे तिच्या मते. "हल्लीच्या लोकांचे उच्चार ऐकलेस का? तोंडातल्या तोंडात बोलतात." मुलगा पुटपुटायचा, सून पुटपुटायची, रिक्षावाले पुटपुटायचे. दारावरची बेलसुद्धा तिच्या मते हल्ली नीट वाजत नव्हती. मुलानं कानाचं यंत्र आणून दिलं. तिनं ते सेफ्टीपिनांच्या डबीत ठेवलं. "कानात बूच घालून स्टेजवर जाऊ? लोक काय म्हणतील?" कुठलं स्टेज आणि कुठले लोक, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ऐकू गेलं नसतंच.

आणि गेल्या वर्षी, उन्हाळा संपत आला असताना, अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई हरणीहून रिक्षानं वाडीत आली, आमचे दोन जिने चढली आणि खुर्चीत बसून धापा टाकत म्हणाली, "माध्या, मंडळानं बोलावलंय. 'आक्काचा वाटा'मधला तिसरा अंक. एकटीनंच करायचा."

'आक्काचा वाटा' हे विमलताईच्या नवऱ्याच्याच रेल्वेतल्या एका हेडक्लार्कनं लिहिलेलं नाटक. तसं सुमारच. पण त्याच्या तिसऱ्या अंकात, जन्मभर घरात राबलेली विधवा आक्का भावांसमोर उभी राहून आपला वाटा मागते, ते दहा मिनिटांचं भाषण विमलताईनं असं उभं केलं होतं की आमच्या पिढीच्या बायका ते धुणं धुताना म्हणत. त्यातली बाकीची नटमंडळी एकतर वर गेलेली, नाहीतर अमेरिकेला मुलांकडे. दोन्हीकडून येणं अवघड. उरली ही, आणि वही घेऊन मी.

"मग कर ने," मी म्हटलं. आमच्या बडोद्याच्या मराठीत 'ने' लागतोच. "तुला काय, प्रॉम्प्टर थोडाच लागतो?"

हे मी मुद्दाम बोललो. कितीतरी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, आणि खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा ती हळू आवाजात बोलली, "लोकांना वाटतं मी मेले. खरंच वाटतं रे. एकदा या गावासमोर मला बोलू दे. मग मरते खरीच."

तेवढ्यात सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात आली आणि हिला कळू नये म्हणून नुसते ओठ हलवून मला विचारलं, चहा टाकू की सरबत? आवाज शून्य. आणि खुर्चीतून उत्तर आलं, "चहा. साखर कमी."

आम्ही दोघं बघतच राहिलो. बाई ओठ वाचत होती! लख्ख, छापील पुस्तक वाचावं तशी. सुनंदाचा चेहरा पांढराफटक पडला. रात्रीचं जेवण होईस्तोवर ती एकच म्हणत होती, "अहो, गेल्या चार वर्षांत मी हिच्यासमोर काय काय पुटपुटलेय! सगळं वाचलंन् की हो हिनं!"

पण मला उपाय सापडला. विंगेतून सांगून तिला ऐकू जाणार नव्हतं. समोर बसून सांगायचं, बिनआवाजाचं. तिसरी रांग, मधली खुर्ची. ती प्रेक्षकांकडे बघतेय असं लोकांना वाटेल, आणि ती बघेल माझ्या तोंडाकडे. विमलताईला हे मी उपाय म्हणून सांगितलंच नाही. नुसतं म्हटलं, "मी समोर बसतो, तुला बरं वाटेल." ती म्हणाली, "बस हवं तर. तुला शिकायला मिळेल."

महिनाभर आमच्या बैठकीच्या खोलीत तालीम झाली. रोज सकाळी दहा वाजता, खिडक्या सताड उघड्या. शब्द पूर्वीसारखे येत नव्हते. आधी तिसऱ्या अंकात एक वाक्य निसटायचं, आता एक वाक्य यायचं आणि पाच निसटायची. पण मी ओठ हलवले की ती उचलायची, आणि उचललेलं कुठं खाली ठेवायची नाही. आठवडाभर आधी, प्रयोग होणार होता त्या मांडवीजवळच्या हॉलमध्ये जाऊनही आम्ही करून पाहिलं. दुपारचे बारा, झाडूवाली झाडतेय, सगळ्या ट्यूबलाइट चालू. तिसऱ्या रांगेतून माझा ओठ न् ओठ तिला दिसला. सुनंदानंसुद्धा सगळ्या कोपऱ्यांतून बघून पसंती दिली. आम्ही बिनघोर झालो.

आता ऐका. ती साठ नाटकं केलेली. मी चाळीस वर्षं विंगेत. सुनंदा आम्हा दोघांना तितकीच वर्षं सहन केलेली. आणि तिघांपैकी एकाच्याही टाळक्यात हे आलं नाही की नाटक सुरू झालं की प्रेक्षागृहात अंधार करतात!

प्रयोग दुपारी चारचा होता, ज्येष्ठांना सोयीचा म्हणून. हॉल गच्च भरला. अर्धे लोक आक्कासाठी, अर्धे फोटोतल्या बा जिवंत आहेत का ते बघायला. पटवर्धनांनी आदर व्यक्त करायला पाव तास घेतला. तिसरी घंटा झाली, आणि दिवे गेले. मी तिसऱ्या रांगेत मधल्या खुर्चीवर, गडद काळोखात. सुनंदानं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "अगं बाई!"

पडदा उघडला. मधोमध एक पाट, एक तांब्या, आणि झगझगीत उजेडात विमलताई. आक्काची नऊवारी. पहिली वाक्यं आली. काय आली! "घर तुमचं, दार तुमचं, देव्हाऱ्यातले देवसुद्धा तुमचे. मी कुणाची ते तरी सांगा." शेवटच्या रांगेतला कुणीतरी खोकणं थांबवून बसला. मला वाटलं, निभतंय. आणि तिथंच ते थांबलं.

तिनं तिसऱ्या रांगेकडे बघितलं. मी पुढचं वाक्य ओठांनी म्हणत होतो, मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं तोंड करत होतो. तिला काय दिसणार, कपाळ? ती जराशी पुढे आली, डोळे बारीक केले. मला सुचलं, मोबाइल! टॉर्च लावली आणि हनुवटीखाली धरली. सुनंदा दातांतल्या दातांत म्हणाली, "बंद करा, भुतासारखे दिसताय!" पुढच्या रांगेतली एक बाई वळली आणि किंचाळली. मंडळाचा बिल्ला लावलेले एक गृहस्थ वाकून वाकून आले, "काका, मोबाइल बंद, प्लीज." मी म्हटलं, "जा हो तुम्ही!" हे थोडं मोठ्यानं झालं. आणि स्टेजवर ती उभी, तोंड अर्धवट उघडं, पूर्ण एक मिनिट. स्टेजवरचं एक मिनिट केवढं असतं ते विंगेत बसलेल्याला विचारा. मला रडूच येत होतं. वाटलं, उठून पळत जावं आणि पडदा ओढावा.

"दिवे लावा," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. नाटकातलंच वाक्य वाटलं लोकांना.

"दिवे लावा म्हणते ना! प्रेक्षागृहातले!"

दिवे लागले. तीनशे माणसं डोळे मिचकावत बसलेली, आणि त्यांच्यामध्ये मी, हनुवटीखाली मोबाइल धरून. विमलताईनं माझ्याकडे बोट केलं. "माध्या, ऊठ. वही घेऊन उभा राहा." मी उभा राहिलो. ती लोकांकडे वळली. "हा माधव कानिटकर. आमचा प्रॉम्प्टर. मला ऐकू येत नाही आणि आता आठवतही नाही. हा सांगेल, मी म्हणेन. ज्याला चालणार नाही त्यानं उठून जावं." कोपऱ्यातले एक आजोबा खरोखरच उठले. तिनं असं बघितलं त्यांच्याकडे की ते खाली बसले. नंतर कळलं, बिचारे लघवीला निघाले होते.

मग मी मोठ्यानं वाचलं आणि ती म्हणाली. वाक्यामागून वाक्य. मी चिरक्या आवाजात, शाळेतल्या मास्तरासारखा, आणि ती माझ्या मागून. तुम्हाला वाटेल, काय बहार आली असेल! काही बहार नाही आली. त्या भाषणाची लाटेवर लाट यायची असते. इथं प्रत्येक लाटेनंतर माझं भेसूर वाचन. आक्का वाटा मागतेय असं वाटतच नव्हतं, आक्का बाराखडी गिरवतेय असं वाटत होतं. संपल्यावर सगळा हॉल उभा राहिला, टाळ्या थांबेनात. काही बायका रडत होत्या.

मेकअपच्या खोलीत पटवर्धन धावत आले. "बाई, काय प्रायोगिक! नट आणि प्रॉम्प्टर यांच्यातली भिंतच पाडलीत तुम्ही!" विमलताईनं त्यांचे ओठ शेवटपर्यंत वाचले. "प्रायोगिक कसलं डोंबलाचं," ती म्हणाली. "फजिती झाली माझी. लोकांनी दया केली. दया म्हणून उभे राहिलेले मला कळतात." पटवर्धन आदरानं मागे सरकले. मी काहीतरी बोलायला गेलो तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. समोरच्याचं बोलणं बंद करायला तिला आता तेवढंच पुरत होतं.

मी तिला रिक्षानं हरणीला पोचवायला निघालो. साडेसहाचा सुमार. ती बाहेर बघत बसलेली, नऊवारी तशीच, गालावर रंगाचे ओघळ. अर्ध्या वाटेत रस्ताच अडला. लग्नाचा वरघोडा निघाला होता. घोड्यावर नवरदेव, पुढं ट्रकभर डीजे, आणि त्याचा असा दणका की रिक्षाची काच थडथडत होती. रिक्षावाला वळून मला काहीतरी म्हणाला, त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. मी कानांवर हात ठेवले. तिला काय त्याचं! तिच्यासाठी रस्ता शांत होता.

थोड्या वेळानं सहज तिच्याकडे बघितलं, तर तिचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं माझ्याशी बोलतेय. मग पहिला शब्द ओळखला. घर तुमचं. दार तुमचं. ती आक्काचं भाषण म्हणत होती, आणि आवाज नक्कीच शेवटच्या रांगेपर्यंतचा होता, कारण मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पण त्या डीजेत मला काहीही ऐकू येत नव्हतं. मी कानांवरचे हात काढले आणि तिचे ओठ वाचायला लागलो. सगळं येत होतं. जिथं दुपारी अडलं तिथं अडलं नाही. ताट मांडताना मला मोजलंत, वाढताना विसरलात. लाटेवर लाट. हात वर गेला तो रिक्षाच्या टपाला लागला, तिनं तो खाली घेतला नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटाकडे आली, आणि तिथं एक ओळ गळली. चांगली मोठी ओळ, भाषणाचा कणाच म्हणा ना. माझं तोंड उघडलं. मी ते दाबून मिटलं.

तिनं संपवलं. पदरानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "गळलं काही?"

मी तिच्याकडे नीट तोंड केलं आणि एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "नाही, विमलताई. सगळं आलं."